पेरूच्या लाकडाचं झाकण

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर तिच्या हातातलं बोचकं सुटलं आणि अकरा पटाश्या एकामागून एक पायऱ्या मोजत खाली गेल्या. सगळ्यात लांब होती ती खालून वर येणाऱ्या माणसाच्या बुटापाशी थांबली. थांबली म्हणजे बुटाच्या टोकापासून दोन बोटांवर, लाकडी पायरीत उभी रुतली.

त्यानं पटाशीकडे पाहिलं. मग बुटाकडे. मग वर, तिच्याकडे.

"नाही म्हणायची ही पद्धत चांगली आहे," तो म्हणाला, "पण मी अजून काही विचारलंच नाहीये."

"माफ करा हं… लागलं का?"

"लागलं असतं तर इतकं नीट बोललो असतो का?"

त्यानं पटाशी उपटली, धार अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवली, आणि मान डावीकडे कलती करून पाहिली. मामा धार अशीच बघायचा. नखावर, मान डावीकडे. मामाला जाऊन आठ महिने झाले होते.

"लिफ्टनं का नाही आलात?" बाकीच्या पटाश्या गोळा करत त्यानं विचारलं. "एवढं ओझं घेऊन…"

"बंद आहे."

"हो, माहितीये. ती दुरुस्त करणारा मीच."

"मग करत का नाही?"

"आज सुट्टी आहे ना."

तो पटाश्यांची मोळी घेऊन वर आला, तिच्या पायरीच्या एक पायरी खाली थांबला, आणि तिला वास आला. जवसाचं तेल, मेण, नुकतं कातलेलं लाकूड. मामाच्या सदऱ्याचा वास. ती मटकन पायरीवर बसली.

"अहो… बरं वाटत नाहीये का?"

"नाही, म्हणजे हो. जिना जरा चढा आहे."

"जिना चढाच असतो," तो गंभीरपणे म्हणाला. "उतरताना फरक पडतो."

तिला हसू आलं. हसू येऊन गेल्यावर लक्षात आलं की खूप दिवसांनी आलं होतं. त्याच्या काखेत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं होतं आणि त्याच्या केसांत भुशाचा एक कण होता. तो काढावा असं तिच्या बोटांना वाटलं. तिनं बोटं पदराखाली घेतली.

तिसऱ्या मजल्यावर कातकाम मंडळाचा वर्षअखेरचा मेळावा होता. लाकूड कातणं म्हणजे लाकडाचा ठोकळा लेथवर गरगर फिरवायचा आणि पटाशी लावून त्यातलं नको ते काढून टाकायचं. हवं ते उरतं. निदान मंडळाचा तसा विश्वास होता. मंडळात एक काका होते, ते एकोणीस वर्षं फक्त मेणबत्तीचे स्टँड करत होते. गावभर वीज आली, मेणबत्त्या दुकानातून नाहीशा झाल्या, तरी काकांनी माघार घेतली नाही. त्यांना सगळे मेणबत्तीकाका म्हणत. दाताची डॉक्टर असलेल्या बाई होत्या, त्या म्हणत की दिवसभर फिरत्या यंत्राखाली लोक ओरडतात, लाकूड ओरडत नाही, एवढ्यासाठी मी येते. आणि अध्यक्ष होते निवृत्त पोस्टमास्तर.

मंडळाची एक रीत होती. मेळाव्याला प्रत्येकानं वर्षभरात केलेली एक वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून, नाव न घालता, लांब टेबलावर ठेवायची. मग चिठ्ठ्या काढायच्या. ज्याला जे पुडकं येईल ते त्यानं सोडायचं, डोळे मिटून वस्तूवरून बोटं फिरवायची आणि सांगायचं, हा हात कुणाचा. प्रत्येकाची पटाशी वेगळी दाबली जाते, कुठे उचलली जाते ते वेगळं असतं. चुकणाऱ्यानं सगळ्यांच्या कपबश्या विसळायच्या. मेणबत्तीकाकांचा स्टँड ज्याला येई तो सुखरूप सुटे. पोस्टमास्तर एकोणीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते, आणि हे ते स्वतःच सांगत असल्यामुळे शंकेला जागा नव्हती.

ती मंडळाची सभासद नव्हती. ती कानांच्या दवाखान्यात लोकांची श्रवणशक्ती तपासायची. काचेच्या खोलीत माणूस बसवायचा, कानाला हेडफोन लावायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे, ऐकू आला की बोट वर करायला सांगायचं. आज ती दोन कामांसाठी आली होती. मामाच्या पटाश्या देऊन टाकायच्या, आणि अंगणातल्या शेडमधला त्याचा लेथ उद्याच्या उद्या उचलून न्या असं मंडळाला सांगायचं. पर्समध्ये दुसऱ्या शहरातल्या दवाखान्याचं पत्र होतं. बुधवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. लेथ गेला की ती हो लिहिणार होती, घराला कुलूप लावणार होती आणि जाणार होती. त्या घरात ती आठ वर्षांची असल्यापासून राहत होती. जायचं नव्हतं. पण राहायचीही तिला भीती वाटत होती.

कारण दर मंगळवारी, म्हणजे तिच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, दुपारी चार वाजता, कुलूपबंद शेडमधला लेथ चालायचा.

लेथ जुना, पायाच्या फळीनं फिरवायचा. मामाचा उजवा गुडघा अधू होता, त्यामुळे त्याचा पाय एका ठेक्यात पडायचा. दोन जलद, एक सावकाश. दोन जलद, एक सावकाश. मामा मार्चमध्ये गेला आणि एप्रिलपासून तो ठेका सुरू झाला. तिनं आधी दवाखान्यात स्वतःचे कान तपासून घेतले. अहवाल उत्तम आला. इतका चांगला अहवाल पाहून रडलेली ती दवाखान्यातली पहिलीच व्यक्ती असावी. मग एकदा, एकदाच, मनाचा हिय्या करून तिनं शेड उघडली. आत कुणी नव्हतं. लेथखाली ढलप्यांचा ढीग होता. तिनं वाकून मूठभर उचलल्या. त्या कोमट होत्या.

त्यानंतर मंगळवारी चार वाजता ती कापूस घालून बसायची. दुसऱ्यांचे कान तपासणारी बाई!

"या, या बेटा," पोस्टमास्तर दारात आले. "तुझ्या मामाची चिठ्ठी आज तू काढायची. ते असते तर त्यांनीच काढली असती."

"असते तर कशाला काढू दिली असती हिला!" दातवाल्या बाई म्हणाल्या. "आणि तू रे लिफ्टवाल्या, आलास का? मला वाटलं मध्येच कुठेतरी अडकलास."

"अडकलोच होतो बाई," तो म्हणाला. "दुसऱ्या वळणावर."

आणि तिच्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे तिला लांबूनही कळलं.

खिडक्यांबाहेर दुपारीच धुकं उतरलं होतं. समोरची इमारत गेली, मग रस्ता गेला, मग खिडकीच्या गजांपलीकडे काहीच उरलं नाही. चहा झाला, चिठ्ठ्या सुरू झाल्या. मेणबत्तीकाकांचा स्टँड पहिल्याच झटक्यात ओळखला गेला. त्याची त्यांना दरवर्षीप्रमाणे अपार धन्यता वाटली. मग पोस्टमास्तरांनी चिठ्ठ्यांचा डबा तिच्यापुढे धरला.

तिला आलेलं पुडकं हलकं होतं. आत एक डबी होती, मुठीत मावेल एवढी. खालची डबी काळसर शिसवाची, आणि वर फिकट, गुलाबीसर लाकडाचं झाकण. समोर उभा असलेला लिफ्टवाला एकाएकी खिडकीतलं धुकं पाहू लागला. त्याचे कान मात्र तिच्याकडे होते. कान कुठे लागलेत हे तिला बरोबर कळे.

"उघडून बघ आधी," बाई म्हणाल्या. "झाकण घट्ट बसलं असेल तर हवा बोलते."

तिनं झाकण उचललं. ते सहज निघेना. मग निघालं, आणि आतली अडकलेली हवा सुटली.

"हं…"

तो आवाज तिनं हजारदा ऐकला होता. काम मनासारखं झालं की मामा नाकातून असाच हुंकार द्यायचा. छोटा, समाधानी, शेवटी किंचित चढलेला. तिनं झाकण पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. हं…

"मला… मला नाही ओळखता येणार," ती म्हणाली आणि डबी पोस्टमास्तरांच्या हातात दिली.

पोस्टमास्तरांनी डोळे मिटले. आयुष्यभर पत्रं चाचपलेली ती बोटं डबीच्या पोटावरून फिरली.

"डबी लिफ्टवाल्याची. काठापाशी घाबरतो तो. पटाशी लवकर उचलतो."

"आणि झाकण, साहेब?" लिफ्टवाला म्हणाला. तो आता खिडकी सोडून पुढे आला होता. चेहऱ्यावर एक चोरटं हसू होतं, आणि ते हसू तिच्यासाठी होतं. तिला त्यातलं काहीही कळत नव्हतं. "झाकण ओळखा की."

बोटं झाकणावर चढली. टोकाशी पोचली. थांबली. पोस्टमास्तरांनी झाकण नाकाशी नेलं.

"पेरू आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "ओलं लाकूड. महिन्याभराचं. टोकावर अंगठ्याएवढा खळगा आहे. पटाशीचा शेवटचा हात फिरवताना अंगठा टेकवायची सवय मंडळात एकाच माणसाला होती." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "हा तुझ्या मामाचा हात आहे, बेटा."

कुणीतरी कप खाली ठेवला. तेवढाच आवाज झाला.

"तुम्ही चुकताय," दातवाल्या बाई म्हणाल्या.

"मी चुकत नाही," पोस्टमास्तर म्हणाले. पण या वेळी ते स्वतःलाच सांगत असल्यासारखे वाटले.

"मग… मयत सभासदाची वस्तू धरायची का?" मेणबत्तीकाकांनी विचारलं. "नाही, नियमात काही दिसत नाही म्हणून म्हटलं."

"साहेब थोडेसेच चुकले," लिफ्टवाला मोठ्यानं हसत म्हणाला. "हात मामांचा नाही, मामांच्या भाचीचा आहे! त्यांनीच शिकवल्यावर अंगठा तसाच टेकणार ना."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"माझा?" ती म्हणाली. "मी आयुष्यात लेथला हात लावलेला नाही."

त्याचं हसू चेहऱ्यावर राहिलं, पण आतलं माणूस निघून गेल्यासारखं. बाहेरचं धुकं काचेला नाक लावून बसलं होतं. महिन्यापूर्वी वाऱ्यात तिच्या अंगणातला पेरू पडला होता. तिनंच त्याचे ओंडके शेडपाशी रचून ठेवले होते.

तो दारातून बाहेर पडला. ती मागोमाग गेली. दुसऱ्या वळणावर, पटाशी रुतली होती त्या पायरीवर, तो बसला होता.

"बसा," तो म्हणाला. "उभं राहून ऐकण्यासारखं नाहीये. आणि ऐकून झाल्यावर पोलिसांत गेलात तरी चालेल."

ती बसली. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून.

"मामांनी मला शेडची किल्ली दिली होती. जायच्या आधी आठ दिवस. म्हणाले, लेथ थांबला की गंजतो, माझ्यामागे चालता ठेव. मी तुम्हाला विचारायला आलो होतो, तेराव्याला. पण तुम्ही दारात उभ्या होतात, आणि… मी चपला घालून परत गेलो."

"का?"

"तुमच्याकडे पाहिल्यावर मला काय विचारायचं होतं तेच बदललं." त्यानं मान खाली घातली. "मग तुम्ही घरी नसताना यायला लागलो. मागच्या फाटकातून. चोरासारखा."

तिच्या छातीवरून आठ महिन्यांचा दगड सरकला. तिला रडू आलं, राग आला आणि त्याच्या केसांतला तो भुशाचा कण अजून तिथेच आहे हेही दिसलं, सगळं एकदम.

"म्हणजे ते तुम्ही होतात! दोन जलद, एक सावकाश…"

"त्यांच्याकडूनच शिकलो ना. गुडघा ठणठणीत आहे माझा, तरी पाय तसाच पडतो."

"अहो, मी कानात कापूस घालून बसत होते! मला वाटलं मामा… मला वाटलं मला वेड लागतंय. गाव सोडून निघाले होते मी! माझ्या सुट्टीचाच दिवस सापडला तुम्हाला? दर मंगळवारी, चारच्या ठोक्याला…"



"मंगळवारी?" तो म्हणाला. "मी गुरुवारी यायचो. मंगळवारी तर तुम्ही घरी असता."

जिन्यात खालून गार हवा आली. दोघंही एकाच वेळी मधल्या रिकाम्या जागेत सरकले, आणि ती जागा उरली नाही.

"मग मी तरी काय समजत होतो…" तो पुटपुटला. "ऐका. दर गुरुवारी मी काम अर्धवट सोडून जायचो. पुढच्या गुरुवारी यायचो, तर ते पुढे गेलेलं असायचं. माझी चूक हलक्या हातानं काढलेली. एकदा वाटीचा काठ बिघडवला होता मी, तो कुणीतरी इतका नाजूक वळवला होता की… मला वाटलं तुम्ही. मला वाटलं तुम्हाला कळलंय मी येतो ते, आणि तुम्ही बोलत नाही, पण असं उत्तर देता. मी मुद्दाम अर्धवट ठेवायला लागलो. ही डबी मी झाकण न करताच ठेवली होती. वाटलं, झाकण आलं तर… हो समजायचं. पुढच्या गुरुवारी झाकण बसवलेलं होतं." "आठ महिने मी तुमच्या हाताच्या प्रेमात आहे."



"माझ्या नाही," ती म्हणाली. "मामाच्या."

मग तिला हसू फुटलं. भिंतीला डोकं टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. तोही हसला, पण जरा जपून, कारण मामांशी त्याचे संबंध आता नेमके काय होते ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

"हात चुकला," तो म्हणाला. "माणूस नाही चुकला."

तिनं हात पुढे केला आणि त्याच्या केसांतला भुशाचा कण काढला. फिकट, गुलाबीसर होता.

"परवा मंगळवार आहे," ती म्हणाली. "चार वाजता. येशील?"

'येशील' कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं. कुणी दुरुस्त केलं नाही.

वर पोस्टमास्तर दारातच उभे होते. "बेटा, लेथबद्दल काही सांगणार होतीस ना?"

"बुधवारी सांगते," ती म्हणाली, आणि सगळ्यांच्या कपबश्या विसळायला गेली. हात ओळखता आला नव्हता, नियम म्हणजे नियम. लिफ्टवाला पुसायला उभा राहिला. झाकण न ओळखणाऱ्यांत तोही होता.

मंगळवारी तो पावणेचारलाच आला. पहिल्यांदा पुढच्या दारानं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून विरळ धुक्यापलीकडे शेड दिसत होती. टेबलावर ते पत्र होतं, उत्तराचा कोरा कागद होता, आणि ती डबी होती.

चार वाजले. काही नाही. चार वाजून पाच. चार वाजून दहा.

"मला पाहून बुजले असतील," तो म्हणाला.

"मामा? तो कुणाला बुजत नसे."

"मग तू…" तो अडखळला. "समजा आवाज आलाच नाही, तर जाशील?"

डबीभोवती फिरणाऱ्या त्याच्या बोटावर तिनं आपलं बोट ठेवलं. एवढंच. आणि अंगणापलीकडे, बंद शेडमध्ये, पाय पडला.

दोन जलद, एक सावकाश.

ती त्याच्याकडे पाहत होती, खिडकीकडे नाही. "ऐकू येतंय?"

"हो."

"कोणत्या कानानं?" सवय सुटत नाही.

"दोन्ही," तो म्हणाला.

तिनं डोळे मिटले. आठ महिने तो आवाज तिच्या एकटीचा होता. आता तो दोघांचा झाला, आणि दोघांचा झाल्यावर तो नुसता मामाच्या पायाचा आवाज उरला.

हात धरूनच ते अंगणातून गेले. पेरूच्या ओंडक्यांतले दोन कमी झालेले दिसले. दाराशी पोचेपर्यंत ठेका थांबला. तिनं आपली किल्ली लावली. दार उघडलं. आत कुणी नव्हतं. पायाची फळी मात्र अजून हलत होती… वर, खाली… मग नुसती थरथरली आणि राहिली.

लेथवर काहीतरी चढवलेलं होतं. छोटं, फिकट गुलाबी. एक मूठ, मुठीवर गोल बोंड, आणि मधल्या नाजूक दांड्यात तीन सुट्या कड्या. एकाच लाकडातून कातलेल्या, दांड्यातून कधीही न निघणाऱ्या.

"हे काय?" तिनं विचारलं.

लिफ्टवाला वाकला. पाहिलं. सरळ झाला. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता.

"कातकामातली फार अवघड वस्तू आहे," तो म्हणाला.

"म्हणजे काय?"

"तीन कड्या एका लाकडातून काढायच्या म्हणजे… माझ्या हातून अजून एकदाही…"

"अरे पण आहे काय ते?"

"खुळखुळा," तो म्हणाला.



"मी अजून हो म्हटलेलं नाही," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते स्पष्ट झालं नाही. त्याला, की लेथमागच्या त्या रिकाम्या जागेला, जिथल्या ढलप्या अजून कोमट होत्या. "मामा, जरा दमानं घे ना. आधी याला चहा तरी देऊ दे मला!"

कड्या हलल्या. खुळ्.

ती वळली, दार ओढून घेतलं. कुलूप लावायचं राहिलं. की लावलं नाही, कोण जाणे. स्वयंपाकघरात येऊन तिनं कोऱ्या कागदावर एक शब्द लिहिला, पाकिटात घातला, आणि चहाचं आधण ठेवलं. दोन कपांचं.

"काय लिहिलंस?" त्यानं विचारलं.

"उद्या टपालात टाक, म्हणजे कळेल."

"पाकीट बंद आहे."

"मग गुरुवारी ये. सांगते."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी पण." तिनं साखरेचा डबा खाली घेतला. "आणि लिफ्ट दुरुस्त कर आधी. दर वेळी त्या जिन्यात बसायचं म्हणजे…"

"नाही करत," तो म्हणाला.

अंगणापलीकडे पाय पुन्हा पडू लागला होता. आज मंगळवारच्या मानानं फार वेळ चालला होता, आणि जरा घाईत. लिफ्टवाल्यानं कान दिला.

"आता काय करतोय तो?" तिनं विचारलं.

"लांब लाकूड आहे," तो हळूच म्हणाला. "आवाज खोल येतोय. चार खांब असावेत."

"कशाचे?"

तो कपात पाहत राहिला. मग तिनंही स्वतः ऐकलं, डावा कान, उजवा कान, आणि तिला कळलं. ती उठली, खिडकी उघडली आणि धुक्यात हाक मारली,

"मामा! पाळणा नको एवढ्यात!"

पाय थांबला. क्षणभरच. मग दोन जलद, एक सावकाश.